नवाब गव्हाणीला तोंड लावत नाही

बुलढाण्याच्या गुरांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवायला बैलाला दोनच गोष्टी याव्या लागत : उभं राहणं आणि खाणं. आमच्या नवाबाला उभं राहता येत होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. नागपुराकडून शेतकी खात्याचे साहेब यायचे. मैदानावर बांबूचे कठडे ठोकले जायचे. साहेब ज्या गोऱ्ह्याच्या पाठीवर थाप मारतील, त्याचा मालक पुढं वर्षभर जमिनीपासून वीतभर वरून चालायचा. मागच्या खेपेपासून असा चालत होता माझा साळा गणपत. राहणार धाड. म्हणजे माझी सासुरवाडीच! तिथं पंगतीला बसलो की वाढणारा आधी गणपतच्या गोऱ्ह्याची तब्येत विचारायचा, मग माझी. एकदा ते असह्य होऊन मी भर पंगतीत बोलून गेलो, "औंदा आमचा नवाब तुमच्या गोऱ्ह्याले मागं टाकते का नाही, पाहाच!"

"कोन नवाब?" सासऱ्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. देऊळघाटला आमच्या गोठ्यात एक पांढरा गोऱ्हा होता खरा, पण त्याला तोवर नावच नव्हतं. ते मी तिथल्या तिथं, हातात घास असताना ठेवलं. (तिथंच चुकलं. बारसं झालं आणि त्याचे नखरे सुरू झाले!)

घरी बाबांच्या कानावर गेलं. त्यांनी मला अंगणात उभं केलं.

"ठेव त्याले खाऊपिऊ घालून. मी नाही म्हनत नाही. पन नंबर नाही आला, तर दुसऱ्या दिवशी तो औताले. अन् त्याच्या जोडीले तू!"

माझे बाबा थट्टा करत नसत.

मी कामाला लागलो. सरकी भिजवली, तुरीची चुनी कालवली, वर गूळ फोडून घातला. शेजारचे रहीमचाचा तेलाच्या घाण्याचे मालक. त्यांनी घाण्यातली ताजी, ऊन ऊन ढेप, म्हणजे पेंड, आणून दिली. अशी गव्हाण सजवली, की माझ्या लग्नात माझं पान तसं सजलं नव्हतं. नवाबानं वास घेतला, एक लांब उसासा टाकला आणि माझ्याकडे पाठ केली.

कालपर्यंत हाच गोऱ्हा रुकं कुटार, नुसता कोरडा भुसा, मिटक्या मारत खात होता! म्हटलं, बरं बाबा, कुटार खा. तर आता तेही नको! चांगलं कसं असतं ते कळलं होतं, म्हणून कुटार नको. आणि चांगलं का नको, ते त्यालाच ठाऊक!

मायनं सांगितलं, "नजर लागली लेकराले." तिनं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसक्यानं आम्ही सगळे अंगणात येऊन पडलो. नवाब दारातून शांतपणे आमच्याकडे बघत होता. मी त्याच्या जिभेला मीठ चोळलं. त्यानं ते माझ्या सदऱ्याला पुसलं.

रहीमचाचांनी दाढीवरून हात फिरवला. "मियाँ, नाव नवाब ठेवलं, तर तो अकेला कसा जेवंल? उसके सामने बैठके खाओ."

मी गव्हाणीशी भाकर घेऊन बसलो. नवाब ढिम्म.

"भाकर नको ना! उसका खाना खाओ. म्हंजे त्याले भरोसा येते."

माणूस निराश झाला की काहीही ऐकतो. मी गुडघे टेकले, गव्हाणीत तोंड घातलं आणि भिजवलेली सरकी चघळू लागलो. (चव वाईट नसते. घशात तेवढी अडकते.) तोंड वर केलं, तर गोठ्याच्या दारात धाडचे सासरे उभे! लेकीला भेटायला म्हणून आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गालाला चिकटलेल्या सरकीकडे पाहिलं, आणि सरळ घरात गेले. आतून त्यांचा दबका आवाज ऐकू आला :

"सुभद्रे, खरं सांग बाई. इथं तुले जेवाले तर भेटते नं?"

मी तोंड धुवायला धावलो. त्या गडबडीत नवाबाचं दावं बांधायचं राहिलं. सासऱ्यांनी फेटा काढून ओसरीवरच्या बाजेवर ठेवला होता, खास लेकीकडे यायचा नवा, जांभळा. नवाब आला आणि फेट्याचं टोक तोंडात धरून चघळू लागला!

"अरे हाकला! हाकला!" माय ओरडली.

"मेला रे माहा फेटा!" सासरे ओरडले.

मी टोक धरून ओढलं. आम्ही जितकं ओरडू, तितका तो भराभर आत घ्यायचा! निम्मा फेटा गेल्यावर त्यानं तो सोडला, तो मायनं वाळत घातलेल्या कुरडया दिसल्या म्हणून. त्याही गेल्या. मग रहीमचाचांच्या कुंपणावरचा दोडक्याचा वेल गेला. इतके दिवस घास न घेतलेला गोऱ्हा साऱ्या गल्लीच्या शिव्या खात, डुलत डुलत जेवत होता.

मी कपाळाला हात लावून बसलो. तेव्हा सुभद्रा, म्हणजे माझी बायको, हळूच म्हणाली, "अहो, त्याले चोरीचंच लागते!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात नाटक सुरू झालं. मायचं जुनं लुगडं पसरायचं, त्यावर सरकी अन् ढेप वाळत घातल्यासारखी मांडायची, आणि मी काठी घेऊन राखणीला बसून डुलकी लागल्याचं सोंग करायचं. नवाब चोरपावलांनी यायचा. त्यानं तोंड घातलं की मी दचकून उठायचं आणि बोंब मारायची, "अरे हाकला! खाल्लं रे! लुटलं रे!" बोंब थांबली की नवाब थांबायचा. मान वर करायचा, संशयानं बघायचा. म्हणून खाणं संपेपर्यंत बोंब चालू ठेवावी लागे. मी थकलो की माय, माय थकली की सुभद्रा, आणि भाकरी थापायला ती आत गेली की रहीमचाचा घाणा सोडून यायचे. "ऐ चोर! ऐ डाकू!" त्यांचा आवाज नवाबाला विशेष मानवायचा. वाटेनं जाणारी परकी माणसं लाठ्या घेऊन मदतीला धावत यायची. त्यांना बसवून चहा द्यावा लागे.

बाबा या नाटकात शेवटपर्यंत उतरले नाहीत. "मी जलमात कधी बैलाले खाऊ नको म्हनलं नाही!" पण रोज एकदा ते आतून माझ्यावर कडाडायचे, "बंद कर बे हा तमाशा, बयाडा!" आणि तेवढ्या वेळात नवाब सगळ्यात जास्त खायचा.

नवाब फुगला. पाठ अशी रुंद झाली, की तिच्यावर पाट मांडून जेवावं! माझा आवाज मात्र रोज थोडा थोडा बसत गेला, आणि प्रदर्शनाच्या सकाळी तो अजिबात गेला.

बुलढाण्याला पोचलो. आमच्या कठड्याच्या शेजारीच गणपतचा कठडा होता. पलीकडे सासरे, नव्या फेट्यात, नवाबापासून बेतानं अंतर राखून उभे. सुभद्रा दूर बायकांच्या घोळक्यात. ढोरांचे डॉक्टर एकेक जनावर तपासत येत होते. नियम सोपा होता. समोर टाकलेलं जे जनावर खाणार नाही ते आजारी, आणि आजारी जनावर मैदानाबाहेर!

मी घमेलं नवाबासमोर ठेवलं. त्यानं उसासा टाकला आणि पाठ केली.

मी बोंब मारली. तोंडातून नुसती हवा आली. डॉक्टर दोन कठड्यांवर येऊन ठेपले. बाबांचं औत डोळ्यांपुढं उभं राहिलं. त्या क्षणी मी जे केलं, ते कोणत्याही जावयावर येऊ नये! घमेलं उचलून बांबूंमधून गणपतच्या बाजूला सरकवलं आणि हात जोडले.

"गणपतराव," मी कुजबुजलो, "जरा शिव्या घाला."

"कोनाले?"

"माह्या बैलाले. मोठ्यानं. पाया पडतो!"

गणपतनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग बाह्या सारल्या आणि सुरुवात केली, पण बैलाला नव्हे! "आला मोठा नवाबवाला! कोनी सांगितलं होतं बे पंगतीत बढाई माराले? सरकी चघळते अन् मानसात बसते! माह्या बापाचा फेटा खाल्ला तुमी!" बहिणीच्या लग्नापासून साठवलेलं सगळं बाहेर पडत होतं. नवाबाचे कान टवकारले. त्यानं बांबूंतून मुंडकं घातलं आणि खाऊ लागला. काय खाल्लं! माझं घमेलं संपलं, तसं गणपतच्या गोऱ्ह्याचं ओढलं. आता गणपत मनापासून ओरडू लागला, आणि मनापासूनच्या शिव्यांची गोडी वेगळीच असावी. नवाबानं घमेलं चाटून पुसून लख्ख केलं.

"वा! भूक उत्तम आहे," म्हणून डॉक्टर पुढं गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात साहेब आले. आणि दोन बैलांचं जेवण एकट्यानं जेवलेल्या नवाबानं गुडघे मोडले, बूड टेकलं आणि डोळे मिटले.

मी शेपूट पिरगाळली, कासरा ओढला, त्याच्या कानात हवा सोडली. (बोलता येत नव्हतं ना!) नवाब रवंथ करत होता.

"हा उठत नाही?" साहेबांनी विचारलं.

मी ओठ हलवले. साहेबांना वाटलं, मालक मुका आहे. त्यांनी कीव येऊन माझ्या पाठीवर थाप मारली आणि पलीकडे गेले. तिथं गणपतचा गोऱ्हा मान ताठ, कान उभे, नजर तेज करून उभा होता. तो बिचारा आपलं जेवण कुठं गेलं ते शोधत होता! साहेबांनी दुसरी थाप त्याच्या पाठीवर मारली.

नंबर कोणत्या थापेला, ते सांगायला नको.

डॉक्टरांना परत बोलावलं. त्यांनी नवाबाचं पोट दाबलं. "याला काही झालेलं नाही. हा तृप्त आहे." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. माझ्या डोळ्यांपुढं मैदान फिरायला लागलं होतं. मी बांबू धरायला गेलो, तर तिथं बांबूच नव्हता. मी खाली पडलो. माझी पापणी ओढून डॉक्टरांनी विचारलं, "यांचं खाणं कधीपासून बंद आहे?"

धावत आलेली सुभद्रा म्हणाली, "बैलाचं सुरू झालं तवापासून!"

मला बैलबंडीत कडब्यावर आडवं केलं. ऊन लागू नये म्हणून सुभद्रानं अंगावरून तोंडापर्यंत पांढरं धोतर पांघरलं. लेकीच्या काळजीनं सासरे आणि गणपत दोन्ही बाजूंनी खाली मान घालून चालत होते. मागं नवाब. (प्रदर्शन संपताच नवाबसाहेब उठले होते!)

देऊळघाटच्या वेशीत गाव जमलं होतं. नवाबासाठी हार, गुलाल, आणि पुढं डफडं जोरात वाजत होतं. बंडी वळण घेऊन समोर आली. डफड्यावाल्यानं वाकून बंडीत पाहिलं, आणि कोणी न सांगता ठेका बदलला.

"या अल्ला!" रहीमचाचांचा आवाज फुटला. मायनं हंबरडा फोडला. बाबा, माझे बाबा, बंडीचं चाक धरून म्हणत होते, "माह्या पोराले मी औताले जुंपतो म्हनलो रे!"

मी चांगला जागा होतो. धोतर बाजूला सारून उठून बसायला मला काहीच अडचण नव्हती.

पण उठलो असतो, तर पहिला नंबर कोणाचा आला, ते सांगावं लागलं असतं!