स्वतःच्या भिंतीला खिळा

लग्न होऊन शारजात आली तेव्हा मनोरमानं पहिल्या भाड्याच्या घरात दत्ताची तसबीर टांगली होती. घर सोडताना मालकाचा माणूस भिंतींवरून हात फिरवत आला. गुणवंतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आदल्या दिवशी खिळ्याच्या भोकात पांढरी टूथपेस्ट भरली होती. त्या माणसानं तिथे नाक लावलं, हसला आणि डिपॉझिट कापलं. तेव्हापासून, पुढे दुबईच्या करामा भागात भाड्यानं राहायला आल्यावरही, दत्तगुरू फ्रिजवर. फ्रिजचं दार आपटलं की ते सरकायचे, आणि मनोरमा रोज आधी देवाला सरळ करून मग दूध काढायची.

अठरा वर्षांनी, परदेशी माणसाला दुबईत घर विकत घेता येऊ लागलं तेव्हा गुणवंतनं गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत एका बेडरूमचं घर घेतलं. राहायचं नव्हतंच. भाडेकरू ठेवायचा, भाड्यातून हप्ता भरायचा.

किल्ली मिळाली त्या शुक्रवारी मनोरमा तिथे तसबीर, नारळ आणि गुणवंत कामाला होता त्या अल क्वोजमधल्या गोदामातलं ड्रिल घेऊन गेली. भाडेकरू आणणारा एजंट सुजीत ड्रिल बघून उठलाच.

"काकू, हे काय? पार्टीला मी सांगितलंय, ब्रँड न्यू, भिंतीला ओरखडा नाही!"

"पार्टी येईल. आधी माझे देव."

"टेबलावर ठेवा ना पाच मिनिटं."

"पाहुणे आहेत का ते?"

गुणवंत कासावीस झाला. "अगं, त्यांनी वर्षाचं भाडं पाच हजार दिरहम कमी केलं तर? साठ हजार रुपये होतात!"

"मम्मी, इट्स जस्ट अ वॉल," शुभ्रा, त्यांची लेक, मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

"मग एका भोकानं काय बिघडतंय?"

मनोरमानं ओढणी कमरेला बांधली आणि ड्रिल भिंतीला लावलं. पांढरा भुगा तिच्या केसांवर पडला. खिळा बसला, दत्तगुरू लागले. तिनं नारळ फोडला, हात जोडले.

पार्टी आली. तरुण नवराबायको. नवऱ्यानं तसबिरीकडे बोट केलं. "ये निकलेगा ना?"

"फोटो निकलेगा. कील नहीं निकलेगा," मनोरमा म्हणाली.

"फिर रेंट कम करो."

"मत लो."

ते गेले. "खलास," सुजीत म्हणाला. गुणवंतनं ड्रिल उचलून गाडीत टाकलं.

महिनाभर घर रिकामं राहिलं. हप्ता पगारातून गेला, घरात मासे आले नाहीत. मनोरमानं तक्रार केली नाही आणि माघारही घेतली नाही. दर शुक्रवारी गुणवंतला गाडी काढायला लावून जायची, दत्तासमोर दिवा लावायची, तो शांत होईपर्यंत बसायची.

मग मरियमबी आली. हैदराबादची, इस्पितळात नर्स. तिनं किचन पाहिलं नाही, बाल्कनी पाहिली नाही, तसबिरीच्या खिळ्यासमोरच थांबली.

"मॅडम, वो छेद भर देंगे," सुजीत घाईनं म्हणाला.

"भरना मत. ये बताइए, मैं भी एक कील लगा सकती हूँ? हमारी बड़ी घड़ी है, छह साल से सोफे पे लेटी है. गर्दन टेढ़ी करके टाइम देखते हैं."

मनोरमा खळखळून हसली. सुजीतनं करार पुढे केला. "काकू, यात लिहिलंय, भिंतीला भोक पाडायचं नाही."

"खोड ते."

"भिंतीची चाळण होईल!"

"होऊ दे. घर आहे, शोरूम नाही."

गुणवंतकडे बघत सुजीत थांबला. गुणवंतनं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा तसबिरीकडे. "खोड रे," तो म्हणाला.

मनोरमानं तसबीर उतरवून छातीशी धरली. "ये कील अच्छा बैठा है. घड़ी इधरही लगाव. और चाहिए तो और मारो."

करामाच्या घरी परतल्यावर गुणवंतनं सवयीनं फ्रिजवर तसबिरीसाठी जागा केली. मनोरमा मात्र ड्रिलची वायर सोडवत होती.

"अगं, हे भाड्याचं घर! डिपॉझिट कापतील!"

"कापू देत," ती म्हणाली. "प्लग लावा."