एस्तेरच्या लग्नाला हरकत

एस्तेरने स्वतःचंच लग्न जाहीर केलं, तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसून तिला आवाजाचे गुण देत होतो. दहापैकी नऊ लिहून झाले होते. उच्चारांच्या रकान्यात पेन टेकवलं, आणि पुलपिटावरून, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्यावरून, तिचंच नाव ऐकू आलं.

हा प्रकार धरणगावजवळच्या एका छोट्या चर्चमधला. मी धुळ्याला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवत असे. आता निवृत्त आहे. दर शनिवारी दुपारी धुळ्याच्याच एका होस्टेलच्या हॉलमध्ये अकरावी-बारावीच्या ख्रिस्ती मुलामुलींसाठी एक कोर्स चालतो. कागदोपत्री त्याचं नाव ‘युवा सेवा प्रशिक्षण’. मुलं त्याला ‘सॅटर्डे’ म्हणतात. दोन वर्षांचा आहे. उपासना कशी चालवायची, बायबलमधल्या वचनावर दहा मिनिटं कसं बोलायचं, आजाऱ्याच्या घरी गेल्यावर काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, हे त्यात शिकवतात. कोर्स माझा नव्हे. माझी पत्नी सुनंदा तो चालवायची. ती गेल्यावर कोणीतरी हॉलचं कुलूप उघडायला हवं होतं, म्हणून मी उघडू लागलो.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं भर उपासनेत वाचतात. याला बॅन्स म्हणतात. वाचून झालं की विचारायचं, या विवाहास कोणाची योग्य हरकत असेल तर त्याने ती कळवावी. सहसा कोणी कळवत नाही. एखादं मूल रडतं, तेवढंच.

कोर्समध्ये याचाही सराव असतो. सुनंदाच्या सरावाच्या कागदावर वराचं नाव ‘अमुक’ आणि वधूचं ‘तमुक’ होतं. मला ते रुक्ष वाटलं. मी वर्गातल्या मुलांच्या चिठ्ठ्या टाकल्या. मुलींतून एस्तेर निघाली, मुलांतून शांतवन. ती कला शाखेची, तो सायन्सचा, दोघं अकरावीत. वर्षभरात त्यांच्यात एकच संवाद झाला असावा, आणि तोही पंखा बंद करण्यावरून. वर्ग एवढा हसला की होस्टेलची बाई डोकावून गेली. सुनंदा गेल्यापासून त्या हॉलमध्ये कोणी हसलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. मी दोघांची नावं टाइप करून घेतली आणि पुढचे दोन महिने सगळ्यांनी त्याच कागदावर सराव केला. चूक माझी, ती इथेच सांगून टाकतो.

वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकल असतं. विद्यार्थ्याने खऱ्या चर्चमध्ये खरी उपासना अर्धा तास चालवायची. एस्तेरचं प्रॅक्टिकल तिच्याच गावच्या चर्चमध्ये ठेवावं, ही अट तिच्या वडिलांची. दानियलभाऊ कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर आहेत. कमी बोलतात. मुलीने लोकांसमोर उभं राहून बोलावं, हे त्यांना पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. मुलीच्या हट्टापुढे त्यांनी एक वर्ष दिलं होतं. प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं की माझ्या डोळ्यांसमोर होऊ द्या, लोकांनी नीट ऐकलं तर पुढचं वर्ष करू दे, आणि लोक हसले तर शनिवार बंद. एस्तेरलाही हे माहीत होतं. तिला हा कोर्स पुरा करायचा होता. याहून जास्त तिने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही.

तर तो रविवार. ज्यांचे बॅन्स त्या दिवशी वाचायचे होते त्या खऱ्या जोडप्याची चिठ्ठी चर्चच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, तिला उपासनेच्या दहा मिनिटं आधी दिली. तिने ती फाइलमध्ये ठेवली. त्याच फाइलमध्ये, वरच्याच प्लास्टिकच्या खिशात, आमचा सरावाचा कागद होता. तो तिने इतक्या वेळा वाचला होता की हात आपोआप तिकडेच गेला.

तिने वाचलं, “भडगाव येथील श्री. शांतवन, आणि याच मंडळीतील कुमारी एस्तेर...”

इथे ती एक श्वास थांबली. मग पुढे गेली. कारण मीच शिकवलं होतं की चूक झाली तरी थांबायचं नाही, तुम्ही थांबला नाहीत तर लोकांना चूक कळत नाही. तिने सगळं वाचलं. वडिलांचं नाव वाचलं. ही पहिली वेळ आहे, असं स्पष्ट सांगितलं. कोणाची योग्य हरकत असेल तर कळवावी, असंही विचारलं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला.

शांतवन बाजूला कीबोर्डवर बसला होता. मी त्याला संगीतासाठी सोबत आणलं होतं. आपलं नाव ऐकून त्याचे दोन्ही कोपर कीबोर्डवर पडले. जो आवाज निघाला तो कोणत्याही गीतात नाही.

मग तिसऱ्या बाकावरून एस्तेरच्या आजीचा आवाज आला. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. त्या शेजारणीला विचारत होत्या, पण त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या सगळ्यांनाच ऐकू जाईल असं विचारतात.

“लगीन ठरनं आनि माले कोनी सांगं बी नही?”

चर्च फुटलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. पुढच्या बाकांवरून हसू मागे येत गेलं, बायकांनी पदर तोंडात धरले, पेटीवाला बाकाखाली काहीतरी शोधू लागला. मला माझी जबाबदारी कळत होती. मी परीक्षक होतो. मी गुणपत्रिका तोंडासमोर धरली आणि मागे एवढा हसलो की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि खांदे थांबेनात. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना माझ्या घरचं माहीत होतं. त्यांना वाटलं, लग्नाचं ऐकून मला सुनंदा आठवली. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. “धीर धरा, सर,” ते म्हणाले. त्यामुळे मला आणखी हसू आलं, आणि मधेच ते खरोखरच रडणं झालं, आणि पुन्हा हसू झालं. दोन्ही एकाच वाटेने येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

हसत नव्हते फक्त दानियलभाऊ. आणि पुलपिटावर एस्तेर. तिने पुढचं गीत सांगितलं, प्रार्थना केली, ठरलेला अर्धा तास पूर्ण केला. मला तिच्या गुणपत्रिकेत ‘धैर्य’ असा रकाना हवा होता, पण तो नव्हता.

शेवटी पाळकसाहेबांनी उठून खऱ्या जोडप्याची नावं वाचली. त्यातला वर नवा शर्ट घालून आला होता. त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर मी पाळकसाहेबांना म्हणालो की चूक होती, आपण विसरून जाऊ. पाळकसाहेब तरुण आहेत आणि नियमाचे पक्के. मंडळीसमोर वाचलेली गोष्ट मंडळीसमोरच रद्द व्हायला हवी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी रस्ताही सांगितला. पुढच्या रविवारी कोणीतरी उभं राहून रीतसर हरकत घ्यायची, ते ती वहीत लिहून घेतील, आणि विषय संपेल. मी म्हणालो, मी घेतो.

तेवढ्यात दानियलभाऊ आले.

“सर, ठरल्याप्रमाणे,” ते म्हणाले.

मी चूक माझी असल्याचं सांगितलं. चिठ्ठ्या, कागद, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमची असेल. हसले ते तिला.”

एस्तेर दोन पावलांवर उभी होती, फाइल छातीशी धरून. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं की हरकत मी घेऊ का. दानियलभाऊंनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा अक्का पुढे आल्या. त्यांना आता प्रकरण कळलं होतं आणि लाडवांची शक्यता संपल्याचं थोडं दुःखही दिसत होतं.

“जिनी वाचं, तिनीच पुसाले जोयजे,” अक्का आपल्या मुलाला, दानियलभाऊंना, म्हणाल्या. म्हणजे जिने वाचलं तिनेच पुसलं पाहिजे.

दानियलभाऊ आईसमोर बोलत नाहीत. एवढा एक रविवार, ते मला म्हणाले, मग बस.

मधला आठवडा कसा गेला ते शांतवनला विचारावं. बातमी दुपारच्या जेवणाआधी भडगावला पोचली होती. दीपनगरच्या मामाने त्याला गुलाबाचं चित्र आणि ‘अभिनंदन भाचेबुवा’ पाठवलं. होस्टेलमध्ये मुलं त्याला जावईबापू म्हणू लागली आणि मेसमध्ये आधी वाढू लागली. त्याच्या आईचा मला फोन आला. मी पंधरा मिनिटं समजावलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि शेवटी विचारलं, “ते ठीक आहे, सर. पण मुलगी कशी आहे?”

एस्तेरने हरकत लिहून मला दाखवली. मी एक वेलांटी सुधारली. बाकी हात लावला नाही.

दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये जागा नव्हती. एरवी नाताळलाच दिसणारी माणसं आली होती. दोन मुसलमान शेजारी दारात उभे होते. त्यातल्या एका शिलाईवाल्याने मला सांगितलं की एस्तेरचे फ्रॉक लहानपणापासून आपण शिवतो, तेव्हा काय होतं ते बघितलंच पाहिजे.

पाळकसाहेबांनी वही उघडली आणि हरकत असणाऱ्याने पुढे यावं, असं सांगितलं. एस्तेर पुढे गेली. पुलपिटावर चढली नाही, खालीच उभी राहिली. कागद उघडला.

“मी एस्तेर. या लग्नातली वधू. माझी हरकत आहे. एक, वधूचं वय सतरा आहे. दोन, वराचंही सतराच आहे, आणि कायद्याला एकवीस लागतात. तीन, वधूला कोणी विचारलं नाही.”

कागद इथे संपत होता. मला माहीत होतं, कारण मी तपासला होता. तिने तो घडी केला.

“चार,” ती म्हणाली, “वराला विचारलं असतं, तर तो आतापर्यंत भडगावला पळाला असता.”

शांतवनने कीबोर्डवरून हात वर करून अनुमोदन दिलं. पुन्हा चर्च फुटलं. पण या वेळी मी एक गोष्ट पाहिली. ती हसू संपायची वाट पाहत उभी होती. घाई नाही, मान खाली नाही. हसू शेवटच्या बाकापर्यंत गेलं, तिथून परत आलं, निवलं, आणि मग ती पुढे बोलली. हे मी तिला शिकवलेलं नाही. सुनंदाच्या टिपणांतही नाही. ती म्हणाली की मागच्या रविवारी मी चुकीचा कागद वाचला, तुम्ही हसलात ते बरोबर होतं, मीही रात्री घरी हसले. पण मी मधे थांबले नाही, कारण मला वाटलं, इथे एकदा थांबले तर पुन्हा कोणी उभं राहू देणार नाही.

कोणी हसलं नाही. तिने वडिलांकडे पाहिलंही नाही. सरळ जाऊन जागेवर बसली.

पाळकसाहेब लिहीत होते. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, आणखी कोणाची हरकत. ते विचारायला नको होतं. अक्का उठल्या.

“मनी बी शे. माले कोनी इचारं नही.”

मग शिलाईवाला दारातून म्हणाला की कपड्याची ऑर्डर आली नाही, सबब आपलीही हरकत. मागच्या रविवारचा तो खरा वर उठला आणि म्हणाला की यांच्यामुळे आमच्याकडे कोणी बघितलं नाही, म्हणून आमची दोघांची. लोक एकेक करून उभे राहू लागले. कोणीतरी ओरडलं, “बठ्ठासनी हरकत शे, पाळकसाहेब, लिखी ल्या,” म्हणजे सगळ्यांचीच. पाळकसाहेब नियमाचे पक्के, ते खरंच लिहून घेत होते आणि प्रत्येकाचं पूर्ण नाव विचारत होते. मी या वेळी गुणपत्रिका आणली नव्हती. तोंड लपवायला काही नव्हतं.

आणि मग दानियलभाऊ उभे राहिले. हसू पुढून मागे असं थांबत गेलं. अक्कांनी त्यांचा सदरा खाली ओढला. ते बसले नाहीत. त्यांनी घसा साफ केला. पाळकसाहेबांनी पेन उचललं.

“मनी बी हरकत शे,” ते म्हणाले. लोकांसमोर बोलायची त्यांना सवय नाही. “पोरना कोर्स दोन वरीसना शे. एकच व्हयना. तो पुरा व्हस नही, तवलोंग लगीनना नाव कोनी काढानं नही.” म्हणजे पोरीचं दोनातलं एकच वर्ष झालंय, कोर्स पुरा होईपर्यंत लग्नाचं नाव कोणी काढायचं नाही.

मग खाली बसले आणि पुढचं गीत कितवं आहे ते पुस्तकात शोधू लागले. गीत अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी ते शब्दशः वहीत लिहिलं. उपासनेनंतर सही घेतली. दानियलभाऊंनी ती फिटरच्या काळ्या बोटांनी सावकाश केली आणि मला विचारलं, पुढचा शनिवार किती वाजता. मी म्हणालो, दोन. ते म्हणाले, बस आहे ना होस्टेलपर्यंत, की सोडायला येऊ. एस्तेर मागे उभी होती. ती ‘बस आहे’ म्हणाली, आणि मग ‘या’ म्हणाली.

तिला उच्चारांचे मी आठ दिले. ‘हरकत’मधला ह जरा घाईत जातो. शांतवनला संगीताचे पाच, कोपरांमुळे. सरावाच्या कागदावर पुन्हा ‘अमुक’ आणि ‘तमुक’ आहेत. आणि शनिवारच्या वर्गात आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाऊ द्या असं सांगताना मी आता एक वाक्य जोडतो, की तिथे तुमचे वडील बसलेले असतील.