घाटातला संदेश कधी निघाला

अनारकानने वीस वर्षं नारीनच्या हवामान केंद्रात बिनतारी यंत्रावर घाटातल्या बर्फाचे आकडे उतरवून घेतले. पुढे घाटातल्या मोजणी-ठाण्यांवर माणसांच्या जागी यंत्रं बसली, तेव्हा पन्नाशी उलटलेली ही बाई हट्टाने पायथन ही संगणकाची भाषा शिकली. आता ठाण्यांचे संदेश रांगेत येऊन थांबत. एकेक संदेश आला की तिने लिहिलेलं फंक्शन, प्रोग्रॅमचा छोटा तुकडा, चाले, आणि बर्फ एकदम चढलेला दिसला की हिमकडा कोसळायच्या धोक्याने रस्त्याचं फाटक आपोआप खाली पडे.

मार्चमध्ये एकदा सकाळभर नेटवर्क बंद होतं. दुपारी ते आलं आणि पाच तासांचे संदेश एका दमात आत घुसले. फाटक पडलं.

फाटकावरच्या सोवेतबेकचा फोन आला. "अनारकान, इथे लख्ख ऊन पडलंय! चाळीस गाड्या अडकल्यात. एक म्हातारी सुनेच्या बाळंतपणाला निघालीय, मला शिव्या घालतेय. देऊ तिला फोन?"

"दे," अनारकान म्हणाली, आणि सगळं ऐकून घेतलं.

उतार डोळ्यांनी तपासायला सांगून तिने फाटक उघडवलं. मग ती फंक्शनसमोर बसली. प्रत्येक संदेशाबरोबर त्याला चार गोष्टी मिळत. ती फक्त शेवटची, म्हणजे आकडा, वाचत होती. तिसरीत संदेशाची माहिती होती, आणि त्यात तो ठाण्यावरून कधी निघाला ती वेळही. सकाळभर हळूहळू पडलेला बर्फ तिने एका मिनिटात पडला असं धरलं होतं. कान तापले तिचे.

तिचा साहेब मेदेर तिच्या मुलाच्या वयाचा, तिला एजे, म्हणजे ताई, म्हणे. "एजे, अहवालात नेटवर्कमुळे झालं असं लिहू. खोटं नाही ते."

"अर्धंच खरं आहे. निघाल्याची वेळ संदेशात होती, मी वाचली नाही. तसंच लिही."

तिने फंक्शन बदललं. आता दोन आकड्यांमधला काळ निघाल्याच्या वेळेवरून मोजला जाई. पण वरच्या ठाण्याची वेळ रिकामीच येत होती, पाठवणाऱ्या यंत्रातच ती भरलेली नव्हती. अंदाजाने काही घालायला तिचं मन धजेना. शनिवारी ती सोवेतबेकच्या जीपमधून वर गेली आणि गारठलेल्या बोटांनी तिथला प्रोग्रॅम दुरुस्त केला.

"ती म्हातारी परत जाताना थांबली होती," चहा ओतत सोवेतबेक म्हणाला. "नात झाली. तुला मात्र अजून शिव्या देते."

"देऊ दे."

पुढच्या संदेशाला अवकाश होता. दोघं थांबले. शेवटी मेदेरचा फोन आला, "एजे, निघाल्याची वेळ आली! बारा वाजून दोन मिनिटं."

तिने लॅपटॉप मिटला आणि दोघं खाली निघाले.