गुडघ्याच्या पुड्या

लग्न होऊन मी कन्हेरीत आले ती नव्वदच्या दशकात. सासूबाईंचे गुडघे तेव्हा कायम सुजलेले. कुणीतरी इंदापूरचा एक डॉक्टर सांगितला. त्याने पांढऱ्या पावडरीच्या पुड्या दिल्या आणि चौथ्या दिवशी सासूबाई उकिडव्या बसून भांडी घासायला लागल्या. आम्ही डॉक्टरला देव मानून मोकळे झालो.

सहा महिन्यांत त्यांचा चेहरा गोल गरगरीत झाला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आक्का, सुनेचा पायगुण चांगला हाय." मीही ते श्रेय निमूट घेतलं.

दीड वर्षानं त्या अंगणात जरा घसरल्या. पडल्या म्हणावं इतक्याही नाहीत, पण खुब्याचं हाड मोडलं. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला, हातावरचे काळेनिळे डाग पाहिले आणि विचारलं, "पुड्या कुणाच्या? यात स्टिरॉइड असणार. हाडं पोकळ झालीत."

सासूबाई त्यांच्यावरच उखडल्या. "त्यानं मला चालवलं, तुमी झोपवलं! आता शाणं कोण?"

मी एकटीच इंदापूरला गेले. डॉक्टरने काही लपवलं नाही.

"स्टिरॉइड? असतं की."

"हाडं जातात, हे माहीत होतं?"

"शिकलोय मी, ताई. पण महिन्यानं गुण आला तर पेशंट थांबतो व्हय? शेजारच्याकडं जातो."

"तुमच्या आईला देता?"

"छे! तिला पुण्याला दाखवतो," तो पटकन बोलून गेला. मग त्याने घंटी वाजवली. आत आलेला म्हातारा आधी त्याच्या पाया पडला.

पुड्या एकदम बंद करणंही जिवावर बेतलं असतं. म्हणून बारामतीच्या बाईंनी तेच औषध हळूहळू कमी करत वर्षभर दिलं. चेहरा उतरला, तशा त्याच बायका कुजबुजायला लागल्या, सून पोटाला घालत न्हाय. तेही श्रेय माझ्याच पदरात.

सासूबाई पुढं काठी घेऊन चालायच्या, पण त्या डॉक्टरबद्दल वावगा शब्द ऐकून घ्यायच्या नाहीत. एकदा डाळजहून त्यांची धाकटी बहीण गुडघे धरत आली.

"आक्का, तुझ्या त्या डॉक्टरचा पत्ता दे की."

सासूबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "त्यो दवाखाना बंद पडला," त्या म्हणाल्या. "तू बारामतीला दाखव. सून नेईल."

आदल्याच आठवड्यात त्या दवाखान्याची रांग रस्त्यापर्यंत आलेली मी पाहिली होती, आणि सासूबाईंना सांगितलीही होती. मी मावशींना आणखी चहा ओतला.