पानो टुडूची दोन नावं

पानो टुडू बंगालातल्या बांकुड्याकडची संथाळ. शहरात, आमच्या बेहाल्यात, इमारतींच्या कामावर विटा वाहायला आली आणि दहा वर्षं वाहतच राहिली. मान एका बाजूला कलली, ती कायमची. १९७३ साली आमच्या पलीकडच्या गल्लीत आदिवासी बायकांसाठी सरकारी अनुदानावर विणकामाचं केंद्र निघालं. "वर्षभर शिका, मग कायमची नोकरी," असं सेक्रेटरी मीनाक्षीदींनी सांगितलं. पानोनं त्याच दिवशी डोक्यावरची चुंबळ चुलीत घातली.

माझे यजमान रेल्वेत, गार्डन रीचच्या ऑफिसात. मला बंगाली कामापुरतं येई, पण इंग्रजी अक्षर बरं, म्हणून केंद्रातले फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं.

वीस जणींत पानोसारखा हात कुणाचा नव्हता. ताण्याचा धागा तुटला की बाकीच्या मास्तरांना हाका मारत. ही बोटाला थुंकी लावून अशी गाठ मारी, की गमछ्यावरून हात फिरवला तरी लागू नये. कौतुक केलं तर म्हणे, "विटेला कुठं गाठ मारता येते, दीदी?"

एकदा चहा पिताना तिनं सांगितलं, त्यांच्यात माणसाला दोन नावं. बाहेरचं हाक मारायला. आतलं नाव आजीचं, बारशाला ठेवलेलं. ते लग्नात, पूजेत घ्यायचं, बाजारात सांगत फिरायचं नाही. तिचं आतलं नाव साल्गे. मलाही देवाचं नाव मोठ्यानं घ्यायला आवडत नाही, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

वर्ष संपलं. पानो पहिली आली. नोकरीचं विचारलं तर मीनाक्षीदी वैतागल्या. "अनुदान नव्या शिकणाऱ्यांसाठी येतं. नोकऱ्यांची मंजुरी दिल्लीत अडकलीय. वीस नवी नावं भरली नाहीत तर आहे तेही बंद! एक कमी पडतंय, आणि जुनं नाव चालत नाही."

"पानोला दुसरं नाव आहे," मी म्हणाले. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

पानो हातातला चहा प्यायची थांबली. मग हसून म्हणाली, "सरकारला एका नावात भागत नाही का ग दीदी? माझ्या कोंबडीला तर एकही नाही."

"एकच वर्ष. जागा आल्या की पहिली तू," मीनाक्षीदी म्हणाल्या.

पानोनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"लिही मग."

मी लिहिलं. साल्गे टुडू, नवीन.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात दिल्लीहून अधिकारी आले. मूळचे मद्रासकडचे, त्यांना बंगाली येत नव्हतं. दोन कायमच्या जागा मंजूर झाल्या होत्या, पास झालेल्यांसाठी. यादी बघून त्यांनी विचारलं, "पानो टुडू कोण?"

नाव ऐकून पानो मागावरून उठली.

"ती गावी परत गेली, सर," मीनाक्षीदी इंग्रजीत म्हणाल्या. "ही साल्गे. नवीन आहे."

सगळ्यांसमोर ते नाव ऐकून पानो जागीच थांबली. मग बंगालीत म्हणाली, "पानो मीच. दीदीला विचारा."

अधिकारी माझ्याकडे वळले. "काय म्हणतेय ही?"

दोन्ही फॉर्मांवर अक्षर माझं होतं. यजमान सरकारी नोकरीत. मी म्हणाले, "काही नाही, सर."

जागा दुसऱ्या दोघींना मिळाल्या. त्यातल्या एकीला गाठ मारायला पानोनंच शिकवलं होतं. पानोनं मागावरचा गमछा शेवटपर्यंत विणला, कापला, घडी घातली. जाताना मी दारात उभी होते. "पानो, पुढच्या वेळी..." असं काहीतरी मी बोलायला गेले.

"मीनाक्षीदीला ते नाव ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तुला होतं."

त्या संध्याकाळी मी देवापुढे निरांजन लावलं, पण हात जोडायचा धीर झाला नाही.

ती पुन्हा आली नाही. आठवड्यानं ट्राम डेपोजवळच्या एका बांधकामावर दिसली, विटा घेऊन शिडी चढताना. मी मीनाक्षीदींना म्हटलं, निदान रजिस्टरातून तिचं नाव तरी काढा.

"वेड लागलंय का? वीसची संख्या भरायला हवी ना!"

हजेरीपटावर साल्गे टुडू मार्चअखेरपर्यंत रोज हजर होती.