तेरा माणसं कमी

एकनाथ गेल्याचं मला त्याच्याच फेसबुकच्या पानावर कळलं, आणि त्याचा राग पाच आठवडे झाले तरी गेलेला नाही. त्याच्या मुलीनं, अश्विनीनं, सकाळी साडेसातला त्याचा फोटो टाकून खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. बाबा पहाटे हृदयविकाराने गेले, अंत्यविधी अकरा वाजता. मी लोणावळ्यात गॅलरीत चहा घेत बसलो होतो. वाचून होईपर्यंत खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. पन्नास, शंभर, दीडशे... ज्या माणसांना घराबाहेर काढण्यासाठी यानं शेवटचं वर्षभर जिवाचं रान केलं, ती घरात बसूनच त्याला हात जोडत होती. माझ्या तोंडून शिवी गेली. सकाळी सकाळी कुणाला, म्हणून बायको आतून विचारायला लागली. मी चप्पल घातली आणि निघालो.

आमचं गाव कार्ल्याच्या आतल्या बाजूला, डोंगराला टेकलेलं. मी आणि एकनाथ चौथीपर्यंत एका बाकावर. पुढे मी रेल्वेत बुकिंग क्लार्क झालो, लोणावळ्यात घर घेतलं, पण मतदार यादीतलं नाव काही गावातून हलवलं नाही. तो तळेगावजवळच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं पार्ट तपासायच्या कामावर होता. मापात बसला तर घ्यायचा, नाहीतर बाजूला टाकायचा, एवढंच आयुष्यभर केलं. कारखाना बंद पडला आणि बावन्नाव्या वर्षी गडी घरी आला. रिकाम्या माणसाला गावातलं सगळं दिसायला लागतं, तसं त्याला शाळेकडचा नवा रस्ता दिसला. त्यानं अर्ज करून त्या कामाचा कागद मिळवला, रस्त्याची कड उकरली, स्टीलची पट्टी आत घातली आणि एका हातानं मोबाइलवर चित्रीकरण केलं. कागदावर थर एवढा आणि हितं एवढा, बस्स, पुढे एक शब्द नाही. तो व्हिडिओ अख्ख्या मावळात फिरला आणि पंधरा दिवसांत ठेकेदार पुन्हा रोलर घेऊन आला. तिथंच त्याच्या डोक्यात बसलं, की लोक बोलत नाहीत कारण लोकांना दिसत नाही. दाखवलं की झालं. त्या दिवसांत त्याच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

मग त्यानं ग्रामसभा लाइव्ह दाखवायला सुरुवात केली. गावाचा पैसा, पाणी, जमीन, सगळ्याचा निर्णय तिथं होतो आणि तिथंच कुणी फिरकत नाही, हे त्याचं दुखणं. खुर्चीच्या पाठीला दोरीनं मोबाइल बांधायचा आणि बाजूला मांडी घालून बसायचा. कंपनीत पाळीवर असलेली पोरं बघायला लागली, हायवेला चिक्कीच्या टपरीवर बसलेल्या बायका बघायला लागल्या. ग्रामसेवक इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले आणि सरपंच लोकांकडे न बघता मोबाइलकडे बघून बोलायला लागले. गावानं त्याचं नाव रिपोर्टर पाडलं. कुणीतरी त्याला प्रेसचं ओळखपत्र करून द्यायला निघालं होतं, तर हा म्हणाला, "मी पत्रकार न्हाई. मी मतदार आहे." मी त्याला डिवचायचो, की एक्या, धबधब्यात पाय घसरून पडणाऱ्या पुणेकराला लाखभर लोक बघतात आणि तुला तीनशे, त्यातही एक तुझी आत्या. तो हसायचा. आत्याला मत आहे, पुणेकराला हितं न्हाई, असं म्हणायचा.

गेल्या वर्षी रिसॉर्टचं प्रकरण आलं. डोंगराच्या पोटाला असलेली जागा कुणी बाहेरच्यानं घेतलेली, तिला चौफेर कुंपण घालायला ग्रामसभेचा ना हरकत ठराव हवा होता. अडचण एवढीच, की वरच्या ठाकरवाडीची पायवाट त्या जागेतून जाते आणि वाडीचा पिण्याच्या पाण्याचा झराही त्याच जागेत. एकनाथ वर गेला. हिराबाई म्हणून वाडीतल्या एक म्हाताऱ्या आहेत, त्यांच्या मागे हंडा घेऊन चालत त्यानं झऱ्यापर्यंतची वाट दाखवली. तो व्हिडिओ बघून गाव पेटलं, म्हणजे मोबाइलवर पेटलं. विरोध झालाच पाहिजे, आम्ही सोबत आहोत, एकजूट... वाचून मलाही वाटलं की आता ठराव पडतोय. सभेला वाडीतली छत्तीस माणसं मजुरी बुडवून, सव्वा तास चालत खाली आली. हजेरीच्या वहीत सह्या झाल्या सत्त्याऐंशी. सभा व्हायला शंभर मतदार लागतात.

तेरा माणसं कमी होती. त्याच वेळी लाइव्ह बघत होते चारशेच्या वर, आणि त्यातली निम्मी तरी गावातलीच. एकनाथनं मोबाइल स्वतःकडे फिरवला. कधी स्वतःचं तोंड न दाखवणारा माणूस, पण त्या दिवशी हात जोडून सांगत होता की घरात बसून बघताय ते उठून या, नुसती सही करा आणि जा. स्क्रीनवर लाल बदाम उडत होते. हे मला कसं माहीत? मी बघत होतो ना! लोणावळ्यात, सोफ्यावर, पंख्याखाली. स्कूटरनं पंचवीस मिनिटांचा रस्ता. मी काय केलं, तर खाली लिहिलं, 'एकनाथ, पूर्ण पाठिंबा.' लिहून वर समाधान वाटलं, हे जास्त लाज आणणारं आहे. सरपंचांनी अर्धा तास घड्याळ बघितलं आणि सभा तहकूब केली. वाडीतली माणसं उठली तेव्हा हिराबाईंनी त्याला विचारलेलं मोबाइलवर स्पष्ट ऐकू आलं. "भाऊ, त्या फोनात लय मानसं हायती म्हनता, मंग हितं का न्हाईत?"

तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला शंभराची अट नसते. हे ज्यांना माहीत असायला हवं त्यांना बरोबर माहीत होतं. आठ दिवसांनी, भर लावणीच्या कामात, सभा लागली. वाडीतली दोन-तीन माणसं आली, बाकी सगळी सरपंचांची. ठराव मंजूर व्हायला दहा मिनिटं लागली. तेही लाइव्ह दिसलं. त्या दिवशी बदामांच्या ऐवजी रागावलेली तोंडं होती, एवढाच काय तो फरक. दिवाळीनंतर फाटक बसलं. वाडीतल्या बायका आता कुंपणाला वळसा घालून खालच्या ओढ्यावर जातात.

ठरावाच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. चहा नको म्हणाला. बसल्या बसल्या म्हणाला, "सुभ्या, चूक माझी आहे. मी त्यांना सभा घरपोच दिली."

मी त्याला समजवायला गेलो. लोकांना नोकऱ्या आहेत, पाळ्या आहेत, आणि तुझ्यामुळेच तर त्यांना सगळं कळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"तू कुठं होतास?"

"मी बघत होतो की."

"व्हय. तेच म्हणतोय मी."

माझ्यापुरतं त्याचं बरोबर होतं. मात्र त्याचं सगळं पटतं असंही नाही. शाळेचा रस्ता त्या व्हिडिओनंच नीट झाला, हे मी कसं विसरू? डोळे उघडायचं काम मोबाइलनं चोख केलं. पुढचं काम पायांचं होतं आणि ते आमच्याकडून झालं नाही, त्याचं खापर तो स्वतःवर फोडत होता, याची मला चीड येते.

त्यानं लाइव्ह बंद केलं. सभेचा व्हिडिओ दोन दिवसांनी टाकायचा, ज्याला आधी बघायचंय त्यानं सभेला यावं, असा नियम केला. झालं! जे सही करायला पाच मिनिटं आले नाहीत, त्यांनी तासभर बसून त्याच्यावर लिहिलं. रिपोर्टर विकला गेला, रिपोर्टरची सेटिंग झाली, रिसॉर्टवाल्यानं तोंड बंद केलं... पाठिंबा देणारे आणि शिव्या देणारे, नावं तीच. त्यानं एकालाही उत्तर दिलं नाही. ठरावाचा फेरविचार व्हावा, वाडीची वाट आणि झरा मोकळा व्हावा, म्हणून सभेत विषय घेण्याचा अर्ज केला आणि दारोदार फिरायला लागला. प्रत्येकाच्या ओट्यावर बसायचं आणि तोंडावर विचारायचं, येणार का. डॉक्टरांनी चढ चढू नको म्हणून सांगितलेलं, तरी वाडीवर चार वेळा जाऊन आला. मलाही फोन केला होता. मी म्हणालो, जमलं तर येतो. त्यानंतर तो तीन आठवड्यांत गेला.

परवा त्याच्या अर्जावरच्या सभेची नोटीस लागली. येत्या सोमवारी सकाळी अकरा. मी त्याच्या घरी गेलो. अश्विनीनं मला त्याच्या खोलीत नेलं. खिडकीखालच्या टेबलावर गावाची मतदार यादी उघडी होती, कडा वळलेल्या, पानांना टाचण्या. प्रत्येक नावापुढे त्याच्या बारीक अक्षरात काही ना काही होतं. कुणाची दुपारची पाळी, कुणाला आणायला गाडी लागेल, कुणाचे गुडघे दुखतात. जे येतो म्हणाले त्यांच्यापुढे बरोबरची खूण. राहिलेल्या घरांना ती पोरगी रोज कामावरून आल्यावर जाते आणि खुणा पुढे चालवते. मी माझं नाव शोधलं. पुढे खूण नव्हती. 'जमलं तर', एवढंच लिहिलेलं.

मी यादी खाली ठेवली आणि तिला विचारलं, किती झाले?

"त्र्याण्णव."

"मला धरून?"

"नाही काका," ती म्हणाली. "बाबांनी तुम्हाला धरलेलं नाही."