भाऊ नावाची सोय

यावलचा लीलाधर असा भला माणूस, की कोणी नुसतं ‘शाब्बास’ म्हटलं तरी चार कामं अंगावर ओढून घेई. अठ्ठ्याण्णव साली जळगावच्या पाइपांच्या कंपनीत ई-मेल आली आणि तिच्या चाव्या त्याच्या हाती पडल्या. बाहेर पत्र कोणी धाडायचं, कोणाच्या पेटीत किती मावायचं, सगळं तोच ठरवी. ऑफिसचा पोस्टमास्तरच म्हणा ना!

मालकांना सगळे भाऊ म्हणत. त्यांचा लांबलचक पत्ता टाइप करताना लोक चुकत, म्हणून लीलाधरनं एक सोय केली. पत्त्याच्या जागी नुसतं ‘भाऊ’ लिहिलं, की पत्र थेट मालकांकडे. वरून नियम लावला, की ज्यानं त्यानं आपल्या मशीनवर केलेली टोपणनावं आता चालणार नाहीत, ऑफिसची यादीच खरी. मालकांनी पाठ थोपटली आणि गडी चढला हरभऱ्याच्या झाडावर! आता तुम्हीच सांगा, खानदेशात भाऊ काय एकच असतो? कंडक्टर भाऊ, केळीवाला भाऊ, रागावलेला शेजारीसुद्धा भाऊच. एवढं यावलच्या माणसाला कळू नये?

तानुबाई तिथली टायपिस्ट. घरात कमावणारी तीच. तिचा सख्खा भाऊ चुडामण कंपनीच्या धुळ्याच्या गोदामावर होता आणि त्याच्या पत्त्याला तिनं आपल्या मशीनवर ‘भाऊ’ असंच नाव दिलेलं होतं. नियम लागल्यानंतरच्या सोमवारी तिनं सवयीनं ‘भाऊ’ लिहिलं आणि खाली मजकूर घातला, ‘गोदाम बंद करायचं मालकांच्या मनात आहे. कोणाला सांगत नाहीत. तू आत्ताच दुसरीकडे शब्द टाकून ठेव.’

तासाभरात मालकांनी दोघांना आत बोलावलं आणि ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. तानुबाई लीलाधरकडे वळली.

“लीलाधरभाऊ, मी ते मन्हा भाऊले लिखेल व्हतं!”

आपला नियम कुठे नडला, ते लीलाधरच्या आत्ता ध्यानात आलं. तो मालकांना म्हणाला, “चूक माझी आहे. नियम बदलला ते मी कोणाला नीट सांगितलंच नाही. बाईंना नका काढू, मला काढा. ती सोय मी आत्ता बंद करतो.”

मालक हसले. हसले हो!

“बंद कशाला? राहू दे. माझ्या पाठीमागे कोण काय बोलतं, ते मला बसल्या जागी कळेल. तू फक्त तोंड मिटून राहा. बाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका.”

लीलाधर सुन्न होऊन बाहेर आला. ज्या माणसाच्या शाब्बासकीसाठी आपण जीव टाकला तो हा? जळो ती शाब्बासकी! त्यानं मशीनसमोर बसून ती सोय काढून टाकली, काय व्हायचं ते होवो म्हणून. मग धावतच तो फाटकाशी गेला. तानुबाई डब्याची पिशवी घेऊन निघाली होती.

“अक्का, थांबा. मी ती सोय बंद केली.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता, काहीच नव्हतं.

“येते मी, साहेब,” ती म्हणाली.